साठ वाव दोर

माझ्या उजव्या मनगटावर जनीवहिनीचे दात आहेत. वर चार, खाली तीन. शाळेतली मुलं विचारायची, बाई, हे काय? मी सांगायचे, कुत्रं चावलं. हे वहिनीच्या कानावर गेलं तेव्हा तिनं दुसऱ्या मनगटाचीही तयारी ठेव म्हणून निरोप धाडला होता.

थळच्या कोळीवाड्यात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिच्या हातचा मार चुकला असे फार थोडे. मासळीची टोपली पायानं सरकवणाऱ्या कंडक्टरला तिनं भर रस्त्यात कानाखाली वाजवली. अलिबागच्या बाजारात एका दारुड्यानं तिचा पदर ओढला, तर मासे कापायच्या कोयत्याच्या पाठीनं त्याचं नाक फोडलं. मारताना मात्र ती फक्त उजवा हात चालवी. डावा हात पाठीमागे दडवलेला असे. नवख्या माणसाला वाटे, बाई अर्धीच रागावली आहे.

त्या डाव्या हातात तिचा चुडा होता. आमच्यात लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातच्या काचेच्या बांगड्या दर्याला देतात. दर्यानं नवरा सांभाळायचा, अशी ती बोली. डाव्या हातच्या बांगड्या नवऱ्याच्या नावानं राहतात, आणि तो गेला की बाया जमून त्या दगडावर फोडतात.

तिचा नवरा कान्हादादा, माझा थोरला भाऊ. त्यानं धरलेलं सुटत नसे. एका वादळात शिडाचा दोर त्याच्या तळव्यातून धावला, कातडं सोलून आतलं पांढरं दिसलं, तरी त्यानं दोर सोडला नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनी माहेरी निघाली, दादानं तिचा दंड धरला. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या बोटांवर घातला. एकदा, दोनदा, तीनदा. दोन नखं गेली, बोटं काळीनिळी झाली, दंड काही सुटला नाही. शेवटी तीच दमून खाली बसली आणि दोघंही हसायला लागली. मी दारात उभी राहून रडत होते, कारण मला वाटलं होतं की आज घरात खून पडतो.

शेहेचाळीस साली दादा सफरमैना पलटणीत गेला. पूल बांधणारी, होड्या चालवणारी ती पलटण. तिला पाण्यातली माणसं हवी होती. दोन वर्षांनी त्याला काश्मीरच्या लढाईवर नेलं. डोंगरात होडी कशाला लागते, हे आम्हाला कुणालाच कळेना. वहिनी म्हणाली, "सरकारला दर्या कुठं हाय ते पन ठाव न्हाय वाटतं."

अठ्ठेचाळीस साली गणपती विसर्जनानंतर तार आली. शिपाई कान्हा तळ्यात बुडाला, प्रेत मिळालं नाही. तार वाचून दाखवल्यावर अंगणात जमलेली म्हातारी माणसं रडली नाहीत. ती भरत्या मोजायला बसली. बुडालेला माणूस दर्या तिसऱ्या दिवसाच्या भरतीला काठावर आणून टाकतो, असा आमचा पक्का समज. तारेवरच्या तारखेला चार दिवस झाले होते. म्हणजे आठ भरत्या. आठ भरत्यांत दर्या मेलेला बैलसुद्धा परत देतो. प्रेत आलं नाही, म्हणजे कान्हा बुडालाच नाही, असा सगळ्यांनी मिळून निकाल दिला. माझी आई सोनूबाई हिनं डोळे पुसले आणि चूल पेटवली. मीही मान डोलावली. मी सातवी पास होते आणि भूगोलात मला बक्षीस होतं.

पाच महिने आम्ही त्याची वाट पाहिली. मग येसाजी आला.

येसाजी पोयनाडकडच्या एका गावातला, भातशेती करणारा. उंच, खांद्यात वाकलेला, डोळे खाली. दादाच्या पलटणीत होता आणि त्या दिवशी दादाबरोबर होडीत होता. दादाची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो चालत आला होता. आईनं त्याला बसायला घोंगडी दिली, गूळपाणी दिलं आणि विचारलं, "माझा पोर कंदी येतो?"

त्यानं सांगितलं. तळ्याच्या पलीकडच्या चौकीवर टेलिफोनची तार न्यायची होती. तारेचं रीळ घेऊन रबराच्या होडीत दोघंच होते. मध्यावर वारा सुटला, होडी कलंडली. "मी वर आलो. तो आला न्हाय."

"पन मंग भरतीनं बाहेर का न्हाय टाकला?" आई म्हणाली.

येसाजीनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "आये, त्या तळ्याला भरती न्हाय. बरफाचं पानी हाय. त्यात मानूस वर येत न्हाय. खाली ऱ्हातो, हाय तसा."

वहिनी दारात उभी होती. दाराशी टेकून ठेवलेलं वल्हं तिनं उचललं आणि येसाजीच्या खांद्यावर असं घातलं की हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. तो आडवा झाला. तिनं आणखी तीन-चार घातले, पाठीत, मांडीवर. त्यानं हात वर केला नाही, ओरडला नाही, नुसता पडून राहिला. मित्राच्या बायकोचं दुःख ओळखणारा किती थोर माणूस, असं आम्हाला वाटलं. मी तर त्याच्या खांद्याला हळद लावताना ढसाढसा रडले.

भरतीच नाही म्हटल्यावर आईची आशा संपली. मुलगा उपाशी भटकतोय, त्याच्या नावानं भात ठेवायचा तर आधी सुनेच्या बांगड्या फुटल्या पाहिजेत, असं तिनं ठरवलं. आठ दिवसांनी पाच बाया जमल्या आणि सहावी मी. पाचजणींनी वहिनीला जमिनीवर दाबून धरलं. तिचा डावा हात दगडावर ओढण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा तिनं माझं मनगट धरलं, दातांत. तिनं एकीच्या पोटात लाथ मारली, एकीचा कान फाडला, कोयता ओढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "जो हात लावंल त्याचा हात हितं पाडीन. दर्याला मी माझं दिलं हुतं, दर्यानं त्याला न्हाय नेला. त्या तळ्याला मी काय पन देनं लागत न्हाय. माझा मानूस मना परत पाह्यजे."

नऊ बांगड्यांतल्या दोन त्या झटापटीत फुटल्या. उरलेल्या सात तिनं वाचवल्या.

होळीला येसाजी पुन्हा आला, खांदा फडक्यात बांधलेला. का आला, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही. वहिनीनं कोळसा त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाली, "वाट काढ."

त्यानं अंगणात वाट काढली. मुंबईहून आगगाडीनं पठाणकोट. तिथून मोटारीनं डोंगर चढून श्रीनगर. श्रीनगरहून सोनमर्ग. सोनमर्गला त्यानं आडवी रेघ मारली. "हितं मोटारीचा रस्ता संपतो. फुडं खेचराची वाट, मंग ती पन न्हाय. दोन दिस चढ. झाडं संपतात, निसता दगुड. वर तळं."

"खोल किती?"

"ठाव न्हाय."

"हाय तसा हाय म्हनालास ना? मंग मी काढते त्याला."

येसाजीनं कोळसा खाली ठेवला. तो उठून वाडीमागे गेला आणि ओकून आला.

वहिनीनं दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून चार नखांचा गळ करून घेतला. जाळं तुटून तळाला गेलं की आमच्याकडे ते असल्या गळानं ओढून काढतात. नवऱ्याला काढायचा तिचा बेत अगदी तसाच होता. मग ती दोर वळायला बसली. आमच्यात दोर वावांनी मोजतात; दोन्ही हात पसरले की एक वाव. पहिल्या वर्षी वीस वाव झाला. तळ किती खोल हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दरवर्षी ती त्यात चार-पाच वाव वाढवी. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की दोर काढायचा, कुजलेला भाग कापायचा, नवा जोडायचा, तेल पाजायचं. आई त्या दोराकडे पाहायची नाही. एकदाच म्हणाली, "आन त्याला. हितं जाळू." मग दोघी सासूसुना तासभर एकमेकींशी भांडल्या.

बेत मात्र दरवर्षी मोडे. काश्मीरला जायला तेव्हा सरकारी परवाना लागे. मी अलिबागला शाळेत लागले होते. माझ्या उत्तम अक्षरात मी अर्ज लिहिले. कधी उत्तर आलं नाही, कधी नकार आला, आणि त्रेपन्न साली परवाना आला तर तो वाटाड्या म्हणून येसाजीच्या पत्त्यावर गेला, तिथंच पडून राहिला आणि मुदत संपल्यावर त्यानं तो आणून दिला. म्हणाला, पेटीत विसरलो. वहिनीनं त्याला चपलेनं मारलं. पुढच्या वर्षी दारुड्याच्या नाकापायी तिलाच अख्खा आषाढ तुरुंगात काढावा लागला. मग एका वर्षी येसाजीची भातलावणी, एका वर्षी हिवताप, एका वर्षी डोंगर कोसळल्याची बातमी. वाट फक्त त्यालाच माहीत होती, त्याच्याशिवाय जाणं नव्हतं.

दर होळीला मात्र तो न चुकता यायचा. तांदळाची पिशवी आणायचा, आमचं छप्पर शाकारायचा, वहिनीच्या शिव्या खायचा आणि कोळशानं पुन्हा तीच वाट काढायचा. सोनमर्गच्या रेघेपाशी त्याचा हात थांबायचा. आई त्याला आपला दुसरा मुलगा म्हणायला लागली होती. किनाऱ्याकडे तो कधी गेला नाही. पाण्याची भीती वाटते म्हणायचा, आणि आम्ही त्याची थट्टा करायचो.

एकोणसाठ साली परवान्याची अट गेली आणि येसाजीचं शेवटचं निमित्तही गेलं. मी रजा टाकली. सुकट, सुके बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, तीन घोंगड्या आणि साठ वाव दोर गळासकट गोणपाटात बांधून आम्ही आषाढात निघालो. पावसाळ्यात रेवसची लाँच बंद, म्हणून धरमतरच्या खाडीवर तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, पलीकडे जायचं आणि पुढे मोटारीनं मुंबई गाठायची. सातांतल्या तीन कामाधामात फुटून वहिनीच्या हातात तेव्हा चार बांगड्या उरल्या होत्या. येसाजी तरीत बसायलाच तयार होईना. वहिनीनं त्याला मानगुटीला धरून आत ढकललं.

खाडीला उधाण होतं, पाणी गढूळ आणि जोरात. मध्यावर होडी एका अंगानं कलली आणि गोणपाट घसरून पाण्यात गेलं. वहिनी त्याच्यामागे झेपावली. गोणपाट सापडलं नाही. गळाच्या वजनानं ते सरळ खाली गेलं, दहा वर्षांचा दोर आमच्या डोळ्यांदेखत. ती वर आली आणि तिनं डाव्या हातानं तरीची कड धरली. होडी तिच्या बाजूला आणखी झुकली. माणसं किंचाळली.

येसाजी तिच्या समोरच होता. त्यानं पायाखालचं वल्हं उचललं. मला वाटलं, तिच्या हाती देणार. पण त्यानं ते डोक्यावर नेलं आणि त्याची नजर तिच्या बोटांवर होती. कडेवर चार बोटं आणि चार हिरव्या बांगड्या. वहिनी खालून त्याच्याकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या हातून वल्हं गळून पडलं, तो तरीच्या तळाशी मटकन बसला आणि कपाळ फळीवर आपटायला लागला. तरवाल्यांनी वहिनीला केसाला धरून वर ओढली.

पलीकडच्या चिखलात उतरल्यावर त्यानं सांगितलं. कुणी विचारायची गरज पडली नाही. तळ्यात होडी कलंडली तेव्हा दोघं पाण्यात पडले; येसाजीला पोहता येत नव्हतं, तो बुडत होता. दादानं खालून त्याला खांदा देऊन होडीत ढकललं. मग दादानं स्वतः कड धरली. होडी त्याच्या बाजूला झुकली, पाणी आत यायला लागलं. "मी वल्हं मारलं. त्याच्या बोटांवर. वैनी, मी जानून न्हाय... मना निसती बोटं दिसत हुती."

वहिनी चिखलात बसून होती, केसांतून पाणी गळत होतं. मी मात्र बसले नाही. सातवी पास, शाळेतली बाई, आयुष्यात कुणाला चापट न मारलेली. माझी छत्री मी त्याच्या डोक्यावर मोडली. मोडक्या दांड्यानं तोंडावर मारलं. गालाचं कातडं फाटलं, रक्त हनुवटीवर आलं, तो गुडघ्यांवर तसाच बसून. या माणसाच्या खांद्याला मी हळद लावली होती, आईनं वर्षानुवर्षं त्याला मुलगा म्हटलं होतं. मी खाली पडलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलला. त्याला मारून टाकायचं होतं मला, दुसरं काहीही नको होतं.

"नलू, ठेव तो," वहिनी म्हणाली.

मी ऐकलं नाही. तिनं उठून माझ्या हातातून धोंडा काढून घेतला. आता तीच घालणार, असं वाटून मी बाजूला झाले. ती येसाजीपुढे उकिडवी बसली.

"किती येळा मारलंस?"

त्याला कळलं नाही.

"वल्हं. त्याच्या बोटांवर. किती येळा?"

"एकदाच," येसाजी म्हणाला. "एकदाच, वैनी."

तरवाले, उतारू, सगळे गोल करून उभे होते. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी तीनदा मारलं हुतं. वरवंट्यानं. त्यानं सोडला न्हवता." आणि तोंडावरचं पाणी पुसत, "एकदा मारून कान्हाचा हात सुटत न्हाय. होडी बुडत हुती ते त्यानं बघितलं. त्यानंच सोडला."

येसाजीनं मान वर केली. तिनं धोंडा त्याच्या हातात दिला, दुसरा दगड जमिनीवर सपाट ठेवला आणि त्यावर आपला डावा हात ठेवला.

"बायांना मी फोडू दिल्या न्हाईत. त्याला शेवटचा तू बघितलास. तू फोड."

तो नाही म्हणाला. तिनं उजव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली, सवयीप्रमाणे. मग त्यानं फोडल्या. दोन घाव नेम चुकून तिच्या मनगटावर पडले, हाडावर. तिनं हात हलवला नाही. चौथी फुटल्यावर ती जी रडली ते मला लिहिता येणार नाही. अकरा वर्षांचं एकदम रडली.

तिनं तुकडे वेचले, पदराचा कोपरा फाडून त्यात बांधले आणि ती पुरचुंडी येसाजीच्या खिशात घातली. "आता एकटा जा. जितं रस्ता संपतो तितं थांबू नको. तळ्याला दे. म्हनावं, जे घेतलंस त्याचं हे देनं."

आम्ही दोघी परत आलो. आईला सगळं सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी छपरावर भात ठेवला आणि कावळा शिवेपर्यंत उन्हापावसात उभी राहिली. येसाजीचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. वहिनीचं म्हणणं खरं की तिनं मनाचं केलेलं समाधान, हे मी रात्रंदिवस घोळवलं. बर्फाच्या पाण्यात बोटं किती वेळ धरून राहतात, हे मला भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं. एकदा मी तिला तसं बोलूनही दाखवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मनगट झाकलं.

श्रावणात एक पोस्टकार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं. सोनमर्गला पोचलो. रस्ता संपला. उद्या चढतो. एवढंच. वहिनीनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं.

भाद्रपदात येसाजी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. नाकाचं कातडं सोललेलं, ओठ फुटलेले, गालावर माझ्या छत्रीची खूण. आई पाठ करून बसली, मीही उठले नाही. वहिनी दोर नसलेल्या रिकाम्या खुंटीखाली मासळी चिरत होती. तिनं कोयता थांबवला.

"टाकल्या," तो म्हणाला. "पानी लय निर्मळ हाय. हिरव्या हिरव्या जाताना दिसत हुत्या. लय येळ दिसत हुत्या. मंग दिसंनाशा झाल्या." त्यानं रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "वैनी, तुजा दोर पुरला नसता."

वहिनीनं हातातला मासा चिरून टोपलीत टाकला. मग म्हणाली, "बस. जेवून जा."